पाळकीणबाईंचं बाक

आमच्या घराण्याबद्दल कोणी चांगलं बोलायला लागलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. मध्ये चर्चच्या एका कार्यक्रमात एका तरुण पाळकानं माझी ओळख करून दिली. पणजोबा गावोगाव सुवार्ता सांगत पायी फिरणारे, आजोबा पाळक, काका केळापूरकडच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, वर्षानुवर्षं राहून आलेले मिशनरी, आत्या शाळा चालवणारी, वडील पाळक आणि वर मुख्याध्यापक, आणि ह्या बाई स्वतः जन्मभर शिक्षिका. टाळ्या पडल्या. त्या यादीत आई नव्हती. ती कोणाच्याच यादीत नसते. चहाच्या वेळी तो पोरगा मला म्हणाला, काय थोर वारसा आहे हो तुमचा. मी म्हटलं, बिस्किट घे.

आमचं गाव पुसदपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. मिशनच्या कंपाउंडात साहेबाचा बंगला, चर्च, शाळा, मुलींचं बोर्डिंग आणि चर्चच्या मागं आमचं घर. छप्पन सालच्या उन्हाळ्यात गोरा साहेब मड्डमला घेऊन कायमचा आपल्या देशी गेला आणि जाताना सगळ्या किल्ल्या बाबांच्या हातात देऊन गेला. त्या जागी बसलेला पहिला आपला माणूस म्हणजे बाबा. त्यांना त्याचा आनंद झाला असेल, पण आम्हाला दिसली ती धास्ती. किल्ल्यांचा जुडगा ते जेवतानाही ताटाजवळ ठेवायचे. लोक काय म्हणतील, वरचे काय म्हणतील, साहेब होता तेव्हा असं होत नव्हतं असं कोणी म्हणेल का, हेच डोक्यात. बोलायचेही आता जास्तच बायबलच्या मराठीत. घरात मीठ मागितलं तरी उपदेशाला उभे राहिल्यासारखं वाटायचं.

आई तशी नव्हती. ती महागावकडच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातली. आजीनं, म्हणजे तिच्या मायनं, तिला लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं, का तर पोरगी दोन वेळ जेवेल आणि शिकेल. ती शिकली, तिथंच तिनं बाप्तिस्मा घेतला, तिथंच बाबांच्या घरच्यांनी तिला पाहिलं. लग्नानंतर ती बायबल बाई झाली. पांढरं लुगडं नेसून खेड्याखेड्यांत जायची, बायकांच्यात बसायची, गाणी म्हणायची, पोरांचे डोळे धुवायची. तिच्या तोंडची वऱ्हाडी मात्र बोर्डिंगला काही काढता आली नाही. आत्या तिला त्यावरून टोमणे मारायची. आई म्हणायची, येशूले समजते नं, मग तुले काय अडचन आहे.

माहेरचे मात्र कधी ख्रिस्ती झाले नाहीत. छप्पनच्या दसऱ्याला आईचे दोघे भाऊ म्हाताऱ्या मायला घेऊन नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परत आले. घरातले देव त्यांनी ओढ्यात नेऊन सोडले. हे ऐकून बाबा म्हणाले, मूर्ती टाकल्या हे तरी बरं झालं. आईनं भावांना पत्र लिहिलं आणि मायला थंडीत पाय दुखतात तर शेकत जा म्हणून कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात आजी गेली. निरोप आला तशी आई एकटीच गेली, कारण माझी परीक्षा होती आणि बाबांना चर्चची मंडळी सोडता येत नव्हती. चार दिवसांनी आली. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा तिनं आपणहून सगळं सांगितलं. मायला मांडीवर घेऊन बसले, तिचे डोळे मी मिटले, अंघोळ मी घातली. मग भावांनी मेणबत्ती लावली, तसबिरीपुढं सगळे उभे राहिले आणि त्यांची ती नवीन प्रार्थना म्हणाले. मी पण त्यांच्यात उभी राहिले, हात जोडले, आणि धाकट्यानं म्हण म्हटलं तेव्हा त्यांच्यामागून म्हटलं.

ती न सांगती तर कोणाला कळलंही नसतं. आमच्या गावचं त्या खेड्यात कोण जातं? पण ती लपवणारी नव्हती, आणि तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंही नव्हतं. बाबांनी घास तसाच ताटात ठेवला.

इथं आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. मंडळीतल्या कोणी दुसऱ्या धर्माच्या विधीत भाग घेतला, तर त्याला शिस्तीखाली घेत. म्हणजे रविवारी व्यासपीठावरून त्याचं नाव वाचायचं, सहा महिने त्याला प्रभुभोजनाची भाकर मिळायची नाही, आणि चर्चमध्ये त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. सहा महिन्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी चुकलो’ म्हणायचं. एवढं म्हटलं की सुटला. आदल्या वर्षीच बाबांनी एका शिंप्याला असं बसवलं होतं, कारण त्यानं पोरीच्या लग्नाला भटाकडून मुहूर्त काढला होता. शिंपी सहा महिन्यांनी उभा राहिला, चुकलो म्हणाला, जागेवर जाऊन बसला आणि दुपारी मटण खाऊन झोपला. त्याला काही नाही, आम्हाला काही नाही.

आईची गोष्ट बाबांनी स्वतः पंचांपुढं नेली. हे मी तीनदा सांगू शकते, पण एकदाच सांगते. कोणी मागणी केली नव्हती, कोणी कुजबुजलं नव्हतं. मंडळीच्या वडिलांमध्ये, म्हणजे पंचांमध्ये, सगळ्यात म्हातारे एक सुतारकाका होते. चर्चची सगळी बाकं त्यांच्याच हातची. बैठक आमच्याच ओसरीवर होती, मी आत गहू निवडत होते. सुतारकाका म्हणाले, जाऊ द्या न पाळकसाहेब, माय मेली तिची, लेक हात जोडन नाही तं काय करन. बाबा म्हणाले, शिंप्याला एक न्याय आणि माझ्या घराला दुसरा, असं चालायचं नाही. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाकीच्या वडिलांना वाटलं, पाळकच म्हणतोय तर आपण कशाला मध्ये पडा.

पुढच्या रविवारी बाबांनी तिचं नाव वाचलं. नाव, मग ‘पाळकाची पत्नी’, मग काय केलं ते, मग सहा महिने. आवाज नेहमीचाच होता. आई पहिल्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. वाचून झाल्यावर ती उठली, पदर नीट केला आणि मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी वळून पाहिलं नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मला रडू यायला हवं होतं. काही आलं नाही. मी गाण्याचा क्रमांक शोधत बसले आणि गाणं सुरू झाल्यावर मोठ्यानं गायले.

सहा महिने ती शेवटच्या बाकावर बसली. रविवारच्या शाळेत शिकवणं बंद झालं, बायबल बाईचं काम बंद झालं. एक काम मात्र चालूच राहिलं. प्रभुभोजनाची भाकर आमच्याकडं पाळकीणबाई करायच्या. साहेब होता तेव्हापासून ते काम आईचं. भाकर कोणी करायची हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी ती गव्हाचं पीठ बिनमिठाचं मळायची, जाडसर पोळ्या लाटून मंद आचेवर भाजायची, गार झाल्या की सुरीनं बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायची. काळ्या मनुका भिजवून, उकळून, पातळ फडक्यातून गाळून रस काढायची. बाजारातला मुसलमान किराणावाला तिच्यासाठी चांगल्या मनुका बाजूला काढून ठेवायचा. पाळकीणबाईच्या नमाजाच्या मनुका, म्हणायचा.

कापून उरलेल्या कडा मी गुळाशी खायची. आई ती कडसुद्धा तोंडात टाकत नसे. मी एकदा म्हटलं, हे तर अजून साधीच पोळी आहे, हिला कोण बघतंय. ती म्हणाली, ज्यातलं भेटत नाही त्याच्या कडा कायले चघळू. आणि सुरी धुवायला घेतली.

सहा महिने संपले त्या शनिवारी बाबांनी जेवताना विचारलं, उद्या उभी राहशील ना? आईनं विचारलं, आणि काय म्हणू? बाबा म्हणाले, जे सगळे म्हणतात ते. आई म्हणाली, “माय मेली म्हून हात जोडले. त्याले चूक कसं म्हनू? खोटं बोलून प्रभूची भाकर खाऊ काय?”

बाबांनी तिला बरंच समजावलं. एका वाक्याचा प्रश्न आहे म्हणाले. मनात काहीही असू दे, असं मात्र ते म्हणू शकत नव्हते, कारण ते पाळक होते. आणि ती सरळसरळ खोटं बोलू शकत नव्हती, कारण तिला लहानपणापासून शिकवलं होतं त्यांच्यासारख्यांनीच. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली नाही. शेवटच्या बाकावरच राहिली.

तिला भाकर नको होती असं कोणी समजू नये. मला तिनं एकदा स्पष्ट सांगितलं होतं. आम्ही दोघी विहिरीवर होतो. म्हणाली, “मले पायजे ते. रोज पायजे वाटते. बोर्डिंगात पहिल्यांदा भेटली तवापासून तेच एक माझं म्हनून होतं. पण हे असं नाही.” मी बादली ओढत होते. दुसऱ्या वर्षी ईस्टरला मला मंडळीत घेतलं, म्हणजे भाकर घ्यायचा हक्क मिळाला. आईनं मला पांढरं पातळ नेसवलं, वेणी घातली, आणि मागं जाऊन बसली. तिच्या हातची भाकर मी बाबांच्या हातून घेतली आणि खाल्ली. तशी पुढं प्रत्येक महिन्याला खाल्ली. आज नको, आई घेत नाही तर मीही घेत नाही, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ते मला सुचलं नाही असंही नाही. सुचायचं, आणि ताट समोर आलं की हात पुढं व्हायचा.

भाकरीचं ताट वडील बाकाबाकांवरून फिरवायचे. बायकांच्या बाजूला सुतारकाका यायचे. शेवटून दुसऱ्या बाकापर्यंत आले की ते थांबायचे, आईकडं बघायचे नाहीत, आणि वळायचे. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून वळायला वेळ लागायचा. मंडळीला हळूहळू सवय झाली. नवीन माणसाला तर वाटायचं, पाळकीणबाईंना मागं बसायला आवडत असावं. बाबा सुरुवातीला दर सहा महिन्यांनी विचारायचे, मग वर्षानं, मग विचारायचे थांबले. घरात भांडण नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, दोन भांडी आपटली असती, काहीतरी फुटलं असतं. रोज संध्याकाळी तिघं मिळून प्रार्थना करायचो, आई गाणं म्हणायची, बाबा तिच्या आवाजाबद्दल कधी कधी चांगलंही बोलायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी शिकून आले, आमच्याच शाळेत शिक्षिका झाले, मुलांना पाढे शिकवले, वह्या तपासल्या. त्या वर्षांतलं मला फारसं काही आठवत नाही. विचारलं तर मी म्हणते, आमचं बरं चाललं होतं.

चौसष्टच्या पावसाळ्यानंतर आईला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग मिशनच्या दवाखान्यात दोन आठवडे. तिथल्या डॉक्टरणीनं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या. आम्ही घरी आणलं. ती हळदीसारखी पिवळी झाली होती आणि जेवण जात नव्हतं, पण डोकं शाबूत होतं. त्या महिन्याची भाकर तिनं खाटेवरून मला सांगून करून घेतली. पीठ जास्त मळू नको, म्हणत होती.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार येण्याच्या आधी, बुधवारी दुपारी, बाबांनी सुतारकाकांना बोलावून घेतलं. आजाऱ्याला घरी प्रभुभोजन देता येतं. पण शिस्तीखालच्या माणसाला द्यायचं तर त्यानं एका वडिलासमोर चूक कबूल करायला हवी, आणि तशी नोंद रजिस्टरात व्हायला हवी. बाबांनी स्टुलावर ताटली ठेवली, मांडीवर रजिस्टर उघडलं. गेल्या वेळच्या भाकरीतला एक चौकोन मी फडक्यात बांधून ठेवला होता, तो ताटलीत होता. मग बाबा उभे राहिले आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं म्हणाले, “भगिनी, तुझ्या हातून घडलेल्या चुकीचा तुला पश्चात्ताप आहे काय?”

सत्तावीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला भगिनी. मला हसू आलं असतं, पण तेही आलं नाही. आई छताकडं बघत होती. ती काहीच बोलली नाही. बाबा थांबून राहिले. बाहेर शाळेची मधली सुट्टी झाली होती, पोरं ओरडत होती.

तेवढ्यात सुतारकाका म्हणाले, “हाव म्हनली बाई. म्या ऐकलं. लिवा तुमी.”

त्यांच्याएवढा खरं बोलणारा माणूस त्या मंडळीत नव्हता. बाबांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनाही माहीत होतं की ती काही म्हणाली नाही. त्यांनी टाक उचलला. आत्तापर्यंत जन्मात कधी केलं नसेल ते करायला ते निघाले होते, आणि मला वाटलं, करा, बाबा, लिहा, एकदाचं लिहून टाका.

आई म्हणाली, “म्या काही नाही म्हनलं.”

बाबांचा हात थांबला. सुतारकाका खाली बघायला लागले. मला आईचा राग आला, हे मी कबूल करते. मरताना तरी एवढं ताठ कशाला राहायचं? म्हाताऱ्यानं तिच्यासाठी स्वतःच्या जिभेवर पाप घेतलं होतं.

बाबांनी रजिस्टर मिटलं आणि खाटेच्या कडेवर बसले. मग म्हणाले, आणि साध्या भाषेत म्हणाले, “चूक माझी होती. ती गोष्ट मी पंचांपुढं न्यायला नको होती. लोक काय म्हणतील म्हणून नेली.”

आईनं त्यांचा हात धरला. तिला बोलायला त्रास होत होता. “हे इथं नका सांगू,” ती म्हणाली. “मंडळीत सांगा. माझं नाव तुमी मंडळीत वाचलं होतं.”

“रविवारी सांगतो,” बाबा म्हणाले. मग ताटलीतला तुकडा उचलून म्हणाले, आता घे. सुतारकाकांनीही मान हलवली, आता कशाला नोंद आणि कशाला काय.

आई म्हणाली, “रविवारी खाईन.”

ती शुक्रवारी सकाळी गेली. त्याच संध्याकाळी तिला पुरलं. आईचे भाऊ आले होते, ते कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभे राहिले, कारण त्यांना कोणी आत या म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. शनिवारी दुपारी मी पीठ मळलं, पोळ्या भाजल्या, चौकोन कापले, मनुका गाळल्या. बायका म्हणाल्या, राहू दे पोरी, आम्ही करतो. मी म्हटलं, मला येतं. संध्याकाळी बाबा कागद घेऊन बसले होते. मला म्हणाले, उद्या सांगणार आहे, सगळं सांगणार आहे, तिचं नाव घेऊन.

रविवारी सकाळी भेटीला म्हणून वरचे साहेब आले. आपलेच, मराठी, नव्यानंच मोठ्या जागेवर बसलेले. ते पहिल्या बाकावर आईच्या जुन्या जागेवर बसले. चर्च भरलं होतं, शेवटचं बाकसुद्धा, कारण लोक बाहेरगावाहून आले होते. बाबा व्यासपीठावर गेले. त्यांनी कागद काढला, त्याच्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं. मग कागद घडी करून बायबलमध्ये ठेवला आणि म्हणाले की प्रभूनं आमच्या सहचारिणीला बोलावून घेतलं आहे. मग म्हणाले, आपण सर्व चुका करणारे लोक आहोत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातून घरातल्या माणसांशी चूक झालेली असेल. प्रभू आपल्या सर्वांना क्षमा करो.

मंडळी आमेन म्हणाली. मीही म्हणाले. मग भाकरीचं ताट फिरलं, शेवटच्या बाकापर्यंत गेलं, कारण आता कोणी शिस्तीखाली नव्हतं.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी बाबांना वाढलं. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, “सांगितलं ना मी?”

मी म्हटलं, “हो बाबा, सांगितलंत.”

मग ते जेवले.